क्लाउड गेमिंगच्या व्यावहारिक अडचणी: पुण्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात, कोथरूड भागात, संगणक जुळवून देण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो. पूर्वी पालक मुलाला घेऊन येत आणि विचारत, की खेळांसाठी कोणते ग्राफिक्स कार्ड घ्यावे. आता ते विचारतात, की क्लाउड गेमिंगमुळे कार्ड घेण्याची गरजच उरलेली नाही असे मुलगा म्हणतो, ते खरे आहे का. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ही उत्तरे सविस्तर लिहून काढली आहेत. माझा व्यवसाय यंत्रे विकण्याचा आहे, त्यामुळे माझे मत वाचकांनी पारखूनच घ्यावे. जिथे शक्य आहे तिथे मी घरच्या घरी पडताळता येईल असा हिशेब मांडला आहे.

खेळांच्या संदर्भात ‘क्लाउड’ म्हणजे नेमके काय?

हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्या प्रकारात संपूर्ण खेळ दूरच्या डेटा सेंटरमधल्या संगणकावर चालतो, त्याचे चित्र व्हिडिओच्या रूपाने तुमच्या पडद्यावर येते आणि तुम्ही दाबलेली बटणे उलट दिशेने तिकडे जातात. एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग, एनव्हिडियाची जीफोर्स नाउ आणि जिओगेम्स क्लाउड या सेवा या प्रकारच्या आहेत. दुसऱ्या प्रकारात खेळ तुमच्याच यंत्रावर चालतो, पण त्याच्या कामाचा काही भाग सर्व्हरवर सोपवलेला असतो. २०२० सालच्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पृथ्वीच्या पृष्ठभागाची दोन पेटाबाइटांहून अधिक, म्हणजे वीस लाख जीबींहून जास्त, माहिती सर्व्हरवर ठेवलेली होती आणि विमान जसजसे पुढे जाई तसतशी ती उतरून घेतली जाई. एवढी माहिती कोणत्याही घरातल्या डिस्कवर मावणे शक्य नव्हते. तिसरा प्रकार साधा आहे. खेळातली तुमची प्रगती, म्हणजे सेव्ह, तेवढी सर्व्हरवर राहते.

खाली मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल, म्हणजे स्ट्रीमिंगबद्दल, लिहिले आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराचा विषय जिथे निघेल तिथे तसे स्पष्ट सांगितले आहे.

आमच्याकडे २०० एमबीपीएसचे फायबर आहे. तरीही खेळ अडखळतो, असे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. एमबीपीएस हा आकडा एका सेकंदात किती माहिती येऊ शकते ते सांगतो. तुम्ही बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत किती वेळ जातो, ते त्यातून कळत नाही. नळाला पाणी जोरात येते म्हणून टाकीतून निघालेले पाणी नळापर्यंत लवकर पोहोचते असे ठरत नाही, तसेच हे आहे. जीफोर्स नाउवर १०८० पिक्सेलचे चित्र सेकंदाला ६० फ्रेमनी, म्हणजे साठ चित्रांनी, हवे असेल, तर एनव्हिडिया २५ एमबीपीएसचा वेग मागते आणि डेटा सेंटरपर्यंतचा विलंब ८० मिलिसेकंदांपेक्षा कमी असावा असे सांगते. पुण्यातल्या बहुतेक फायबर जोडण्या यातली पहिली अट सहज पार करतात. अडचण दुसऱ्या अटीत आहे, आणि त्याहूनही अधिक तो विलंब स्थिर न राहण्यात आहे.

या अस्थिरतेला जिटर म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. विलंब सतत ४० मिलिसेकंद असेल तर हात त्याला सरावतो, पण तो क्षणात २५ आणि क्षणात ९० होऊ लागला की दोन-चार फ्रेम उशिरा येतात किंवा गळतात, आणि खेळणाऱ्याला चित्र ‘अडकल्या’सारखे वाटते. चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण तिथे पुढच्या काही सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. खेळात तसा साठा करता येत नाही. पुढच्या क्षणी तुम्ही काय करणार हे सर्व्हरला ठाऊक नसते.

माझ्या पाहण्यातल्या घरांत या अस्थिरतेचे कारण बहुतेक वेळा इंटरनेट कंपनीच्या तारेत नसून घरातच सापडते. राउटर दाराजवळ, चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे असतो, आणि मुलाची खोली दोन आरसीसी भिंतींच्या पलीकडे असते. पेठांमधल्या जुन्या बांधणीच्या घरांत भिंती त्याहून जाड असतात. बहुतेक यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जोडलेली असतात, आणि एका इमारतीत वीस-पंचवीस राउटर त्याच पट्ट्यात एकमेकांवर ओरडत असतात. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण त्याचा जोर भिंतीपाशी लवकर ओसरतो.

दुसरे कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. घरातला एखादा फोन रात्री फोटो आणि व्हिडिओ वर चढवू लागला की राउटरमध्ये जाणाऱ्या माहितीची रांग लागते, आणि तुमच्या बटणाचा चिमुकला संदेशही त्याच रांगेत उभा राहतो. मयूर कॉलनीतल्या एका घरी मी संगणकावर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येण्याचा वेळ मोजणारी चाचणी) सुरू ठेवून आईंच्या फोनवरचा फोटो-बॅकअप चालू केला, तेव्हा एक आकडी असलेला विलंब पाहता पाहता शंभराच्या वर गेला, आणि बॅकअप थांबवताच पुन्हा खाली आला. इंटरनेट कंपनीकडे महिनाभर तक्रारी करून झाल्या होत्या. त्या घरी बॅकअपची वेळ पहाटेची ठेवली आणि राउटरपासून खोलीपर्यंत लॅनची एक वायर टाकली, एवढ्यानेच काम झाले.

सर्व्हर कुठे आहे याने कितीसा फरक पडतो?

फरक पडतो, आणि ही गोष्ट पैशाने सुटणारी नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद लागतो, म्हणजे नगण्य. सिंगापूर सरळ रेषेत जवळजवळ चार हजार किलोमीटर आहे. तिथे जाऊन यायला प्रकाशालाच सुमारे ४० मिलिसेकंद लागतात, आणि केबल कधीच सरळ रेषेत नसते. त्यावर वाटेतल्या प्रत्येक यंत्राचा वेळ वाढत जातो.

काही जण म्हणतात, की मायक्रोसॉफ्टचे डेटा सेंटर तर पुण्यातच आहे. ते बरोबर आहे: २०१५ साली मायक्रोसॉफ्टने भारतात अझुर या आपल्या क्लाउड सेवेची केंद्रे सुरू केली, त्यांतले ‘सेंट्रल इंडिया’ हे केंद्र पुण्यात आहे. मात्र गावात डेटा सेंटर आहे म्हणून तुमचा खेळ तिथेच चालेल असे गृहीत धरू नये. खेळ चालवायला ग्राफिक्स कार्डांनी भरलेली वेगळी यंत्रे लागतात, आणि कोणत्या केंद्रातून कोणाला सेवा द्यायची हे कंपनी ठरवते. शिवाय स्थानिक इंटरनेट पुरवठादार माहिती कोणत्या वाटेने नेतो यावरही पुष्कळ अवलंबून असते. पुण्यातून पुण्यातच जायचे असले तरी माहितीचा प्रवास मुंबईला वळसा घालून होऊ शकतो. सेवा देणाऱ्या कंपनीची स्वतःची जोडणी-चाचणी असेल तर तीच पाहावी. साध्या स्पीड-टेस्टमध्ये दिसणारा पिंग जवळच्या सर्व्हरचा असतो, खेळाच्या सर्व्हरचा नव्हे.

विलंब नेमका कोणत्या खेळांत बाधतो?

पाळीपाळीने खेळायच्या खेळांत, कोड्यांत, शहरे वसवण्याच्या किंवा गोष्ट सांगणाऱ्या संथ खेळांत शंभर मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही. गोळीबाराचे, हाणामारीचे आणि उड्या मारत पुढे जाण्याचे खेळ मात्र त्याने रुसतात.

आपल्याकडे समजायला सोपे उदाहरण क्रिकेटचे आहे. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर जातो. चित्र तुमच्यापर्यंत येण्यात आणि तुमचे बटण सर्व्हरपर्यंत जाण्यात मिळून शंभर मिलिसेकंद गेले, तर तेवढ्यात चेंडू जवळजवळ चार मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे तुमच्या डोळ्यांना तो टप्प्यावर दिसत असताना सर्व्हरवर तो बॅटपाशी आलेला असतो. माझा भाचा स्वतःच्या संगणकावर ज्या खेळात सहज चौकार मारायचा, त्याच खेळात स्ट्रीमिंगवर सारखा त्रिफळाचीत होऊ लागला आणि आपलाच हात बिघडला असे समजून बसला. दोन दिवसांनी तो फटका थोडा आधी मारायला शिकला. पुढच्या आठवड्यात आमच्याकडच्या संगणकावर खेळायला बसल्यावर त्याचा प्रत्येक फटका लवकर जाऊ लागला. ही सवय दोन्हीकडे नडते, आणि स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या मुलांनी स्ट्रीमिंगवर सराव करू नये असे मी म्हणतो ते यासाठीच.

हा विलंब घरी मोजता येतो का?

येतो, आणि तो मोजूनच निर्णय घ्यावा. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमचे स्लो-मोशन चित्रण करता येते. फोन असा उभा करा, की कंट्रोलरवरचा अंगठा आणि पडदा दोन्ही चौकटीत येतील. खेळातल्या पात्राला उडी मारायला लावा आणि चित्रण एकेक फ्रेम पुढे सरकवत, बटण पूर्ण दाबले गेल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त असते. तोच खेळ यंत्रावर आणि स्ट्रीमिंगवर अशा दोन्ही रीतींनी, दहा-दहा उड्या मारून मोजा. एकाच उडीवर विसंबू नका. फरक दहा फ्रेमचा आला, तर स्ट्रीमिंगमुळे सुमारे ४२ मिलिसेकंद वाढले असे समजावे.

मोजण्यापूर्वी टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. चित्र सुबक करण्यासाठी टीव्ही स्वतःच जी प्रक्रिया करतो, तिच्यात आणखी कितीतरी मिलिसेकंद जातात, आणि त्याचे खापर उगाच इंटरनेटवर फुटते.

डेटा किती लागतो?

गणित सोपे आहे: एमबीपीएसचा आकडा ०.४५ ने गुणला, की तासाला किती जीबी लागतील ते मिळते. १० एमबीपीएसला साडेचार जीबी, २० ला नऊ, २५ ला सव्वाअकरा आणि ३५ ला पावणेसोळा जीबी.

घरच्या फायबरवर, जिथे अनेक योजनांत महिन्याला ३३०० जीबीपर्यंत मुभा असते, हा आकडा सहसा आड येत नाही. महिन्याला हजार जीबीची योजना असेल तर २० एमबीपीएसने जेमतेम ११० तास मिळतात, आणि घरात इतरही माणसे असतात. मोबाइलवर मात्र ही चैन परवडत नाही. दिवसाला दोन जीबीचा डेटा १० एमबीपीएसने वापरला, तर सत्तावीस मिनिटांच्या आत संपतो. दीड जीबी वीस मिनिटांत. अमर्याद ५जी योजनेतही टॉवरवरची गर्दी आपल्या हातात नसते. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्याच्या आसपास फोन लावून पाहिलेल्या कोणाही पुणेकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. हवेतून येणाऱ्या ५जी ब्रॉडबँडलाही हीच मर्यादा लागू होते.

चित्र धूसर का दिसते?

कारण ते दाबून लहान केलेले असते. १०८० पिक्सेलचे कच्चे चित्र सेकंदाला ६० फ्रेमनी पाठवायचे झाले, तर जवळजवळ तीन हजार एमबीपीएस लागतील; ते वीस-पंचवीस एमबीपीएसमध्ये बसवताना काहीतरी टाकून द्यावेच लागते. डोळ्यांना लवकर कळणार नाही असे तपशील आधी जातात: हलणारे गवत, पाऊस, धूर, अंधाऱ्या खोलीच्या कोपऱ्यातल्या छटा. रंगांची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी ठेवली जाते, त्यामुळे काळ्यावर लाल अक्षरे कडेने विरघळल्यासारखी दिसतात. फोनच्या पडद्यावर हे खपून जाते. पंचावन्न इंची टीव्हीवर खपत नाही. एव्ही१ ही चित्र दाबण्याची नवी पद्धत तेवढ्याच डेटात चांगले चित्र देते, पण तुमच्या टीव्हीला किंवा फोनला ती हार्डवेअरमधून उलगडता यायला हवी.

गुरुवारी वीज गेली तर?

पुण्यात देखभालीसाठीचा वीजबंद बहुधा गुरुवारी असतो, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. लॅपटॉपची बॅटरी असते, फोनची असते, पण राउटर आणि फायबरची छोटी पेटी बंद पडली की स्ट्रीमिंग तत्क्षणी थांबते. राउटरसाठीचा लहान डीसी यूपीएस मिळतो; तो घ्यावा, मात्र घेताना राउटर १२ व्होल्टचा आहे की ९ चा, हे त्याच्या तळाशी वाचून घ्यावे. वीज संपूर्ण भागाचीच गेली असेल आणि केबलवाल्याच्या पलीकडच्या पेटीला बॅकअप नसेल, तर त्याचाही उपयोग होत नाही. रस्तेखोदाईत तुटलेली किंवा फांदीसोबत खाली आलेली केबल हा असाच न चुकवता येणारा खंड आहे.

पैसे तरी वाचतात का?

पहिल्या वर्षी वाचतात, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक आज अनेक घरांच्या आवाक्याबाहेर गेला आहे आणि त्या घरांतल्या मुलांना मोठे खेळ खेळता यावेत ही इच्छा चुकीची नाही. पण मासिक शुल्क हा खर्चाचा एक भाग आहे. काही सेवांत खेळ शुल्कातच येतात, तर जीफोर्स नाउसारख्या सेवेत तुम्ही फक्त दूरचा संगणक भाड्याने घेता आणि खेळ वेगळे विकत घ्यावे लागतात. हा फरक न समजल्यामुळे झालेली निराशा मी बऱ्याचदा पाहिली आहे. त्यावर कंट्रोलर, बरा राउटर आणि कधी कधी वरच्या दराची इंटरनेट योजना येते.

वेळेच्याही मर्यादा आहेत. जानेवारी २०२५ पासून जीफोर्स नाउच्या नव्या सदस्यांना महिन्याला १०० तास मिळतात आणि न वापरलेल्यांपैकी १५ तास पुढच्या महिन्यात जातात. दिवसाला तीन तास खेळणाऱ्याला एवढे पुरतात, पण दिवाळीच्या सुट्टीत दोघे भाऊ एकच खाते वापरू लागले तर महिनाअखेर कठीण जाते. शुल्क केव्हा वाढवायचे आणि मर्यादा केव्हा आणायची, हे कंपनी ठरवते.

आणि चार-पाच वर्षांनी संगणक जुना झाला तरी विकता येतो, अभ्यासाला उपयोगी पडतो, त्यात रॅम वाढवता येते. भरलेल्या मासिक शुल्कातून मागे काहीच उरत नाही.

स्ट्रीमिंग सेवेवर विकत घेतलेला खेळ माझा राहतो का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. तुम्हाला खेळण्याचा परवाना मिळतो, आणि तो सेवा चालू असेपर्यंतच उपयोगाचा असतो.

गुगलची स्टेडिया ही सेवा १९ नोव्हेंबर २०१९ रोजी चौदा देशांत सुरू झाली. भारतात ती आलीच नाही. तिथे खेळ पूर्ण किमतीला विकले जात, पण ते फक्त गुगलच्या सर्व्हरवरच चालत. सप्टेंबर २०२२ मध्ये सेवा बंद करण्याचे जाहीर झाले आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली. गुगलने स्वतःच्या दुकानातून घेतलेल्या उपकरणांचे आणि खेळांचे पैसे परत केले, ही समाधानाची बाब. मासिक सदस्यत्वाचे मात्र परत मिळाले नाहीत. पैसे परत मिळाले तरी ज्या खेळांची प्रगती बाहेर नेण्याची सोय नव्हती, तिथली शेकडो तासांची मेहनत गेली. त्याआधीची ऑनलाइव्ह ही अमेरिकी सेवा २०१० मध्ये सुरू होऊन एप्रिल २०१५ मध्ये बंद झाली होती. गुगलइतक्या मोठ्या कंपनीलाही हे चालवणे जमले नाही, याचा अर्थ खेळणाऱ्यांनी समजून घ्यावा: कंपनी मोठी असली म्हणून सेवा टिकेल, याची हमी मिळत नाही.

सेवा चालू राहूनही खेळ जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जीफोर्स नाउ चाचणीतून बाहेर पडून सशुल्क झाली आणि काही दिवसांतच अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डचे खेळ तिथून काढले गेले. पाठोपाठ इतर काही प्रकाशकांनीही आपले खेळ काढून घेतले. ज्यांनी ते खेळ स्वतःच्या पैशाने घेतलेले होते त्यांच्याकडे परवाना होता, पण भाड्याच्या संगणकावर तो चालवण्याची परवानगी उरली नाही. त्यांतले काही खेळ परतायला २०२३ उजाडले. तरीही इथे एक सोय होती: खेळ स्टीमसारख्या दुकानातून घेतलेला असल्यामुळे स्वतःच्या संगणकावर तो चालतच होता. म्हणून माझा सल्ला असा, की खेळ विकत घ्यायचाच असेल तर तो जिथून उतरवूनही घेता येतो अशा दुकानातूनच घ्यावा.

वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारातही, म्हणजे अर्धा खेळ सर्व्हरवर असताना, हाच धोका असतो. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारशर्यतीचा खेळ एकट्यानेही खेळता येत होता, पण त्याला सर्व्हर लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि डिस्क हातात असलेल्यांनाही तो खेळता येईना. या प्रकरणातूनच युरोपात खेळ जिवंत ठेवण्याची नागरिकांची मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल दुकानांना, आपण परवाना विकत आहोत हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे कायद्याने बंधनकारक झाले आहे.

सेव्ह सर्व्हरवर असतात, म्हणजे त्या सुरक्षित असतात ना?

डिस्क बिघडण्यापासून सुरक्षित असतात. चुकीच्या सेव्हने बरोबर सेव्ह पुसली जाण्यापासून नसतात. प्रवासात लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय खेळले आणि घरी येऊन दुसऱ्या यंत्रावर खेळ उघडला, की ‘कोणती सेव्ह ठेवू?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. त्या वेळी घाईने बटण दाबू नये; दोन्हींची तारीख आणि वेळ वाचावी. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने इथेच चार महिन्यांचा खेळ गमावला, आणि तो परत आणण्याचा कोणताही मार्ग मला सापडला नाही. स्वतःच्या संगणकावर असते तर सेव्हच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर ठेवता आली असती. निव्वळ स्ट्रीमिंगमध्ये ती फाइल तुमच्या हाती येतच नाही.

मॉड टाकता येतात का?

मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी मूळ खेळात घातलेले फेरबदल, बहुधा टाकता येत नाहीत, किंवा सेवेने मान्य केलेले मोजकेच टाकता येतात. खेळाच्या फायली उघडून त्या कशा रचल्या आहेत हे पाहणारी मुलेच पुढे प्रोग्रामिंगकडे वळताना मी पाहिली आहेत; ती वाट इथे बंद होते याचे मला वाईट वाटते.

नवा खेळ पहिल्याच दिवशी खेळावा का?

शक्यतो थांबावे. मार्च २०१३ मध्ये आलेल्या सिमसिटीला सतत सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. पहिल्या आठवड्यात सर्व्हर गर्दीने कोलमडले आणि लोकांना एकट्याने शहर वसवणेही जमेना. खेळाची बरीच आकडेमोड सर्व्हरवर होते, असे तेव्हा सांगितले गेले होते. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, तोच खेळ इंटरनेटशिवाय चालेल अशी सुधारणा आली. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२४ ची आवृत्ती १९ नोव्हेंबरला आली, तेव्हाही सर्व्हर पहिल्याच दिवशी भाराखाली दबले आणि अनेकांचे विमान धावपट्टीपर्यंतसुद्धा पोहोचले नाही.

बिघाड खेळाच्या कंपनीचाच असावा लागतो असेही नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रातील बिघाडामुळे फोर्टनाइट आणि रोब्लॉक्ससारखे खेळ जगभर अडखळले. तो सोमवार होता, आणि आपल्याकडे दिवाळीची सुट्टी होती.

मुलांच्या खात्याबाबत पालकांनी काय पाहावे?

सदस्यत्व दरमहा आपोआप नूतनीकरण होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यावी लागते. ती पालकांच्याच क्रमांकावर येईल अशी व्यवस्था ठेवा. चाचणीसाठी सदस्यत्व घेतले असेल, तर घेतले त्याच दिवशी स्वयंचलित नूतनीकरण बंद करावे; बहुतेक ठिकाणी भरलेली मुदत तरीही पूर्ण मिळते. खाते मुलाच्या नव्हे, तर पालकाच्या ईमेलवर उघडावे आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवावा. पासवर्ड विसरला आणि ईमेलही बंद पडला, तर घेतलेल्या सर्व खेळांना त्याच दिवशी मुकावे लागते.

मग कोणी घ्यावे आणि कोणी घेऊ नये?

ज्यांना वर्षात दोन-तीन मोठे, गोष्टीचे खेळ खेळायचे आहेत, घरात फायबर आहे आणि राउटरपासून वायर टाकता येते, त्यांनी एक महिना अवश्य घेऊन पाहावे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि वायफाय दहा जणांत वाटून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी पैसे घालवू नयेत. स्पर्धेत उतरणाऱ्यांनीही नाही.

चाचणी रविवारी दुपारी घेऊ नका. रात्री नऊ ते अकरा या वेळेत, घरात टीव्हीवर सामना चालू असताना आणि शेजारच्या सगळ्या घरांत तो चालू असताना, सलग तीन संध्याकाळी खेळून पाहा.

जुना संगणक विकून टाकावा का?

टाकू नये. आठ-दहा वर्षांपूर्वीचा, साध्या ग्राफिक्स कार्डाचा संगणकही त्याच्या काळातले शेकडो चांगले खेळ आजही इंटरनेटशिवाय चालवतो, आणि स्ट्रीमिंगसाठीही तोच उपयोगी पडतो, कारण तिथे त्याला फक्त व्हिडिओ उलगडायचा असतो. आतली धूळ काढून घ्या, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवा. पेस्ट लावणे घरी जमते. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पुरते.